तुर्कस्तानमार्गे शून्य ड्युटी? मामा, चेक देण्याआधी हे वाच

रविवारी रात्री साडेदहाला सोलापूरहून मामाचा फोन आला. "अगं, तू कस्टमच्या कामात ना? मग हे आम्हाला कधी सांगितलं कसं नाहीस?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तोच मेसेज त्या आठवड्यात मला तिसऱ्यांदा येत होता. आधीचे दोन मी न वाचता पुसून टाकले होते. हा पुसता येईना, कारण मामा सोमवारी चेक देणार होता.

मेसेजमध्ये काय आहे ते आधी सांगते. तुर्कस्तान १९९६ साली युरोपच्या कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे सीमाशुल्क संघात गेला आणि त्याचं सोनं झालं. आता त्याला ड्युटी नाही, सीमेवर रांग नाही, युरोप जगाशी जे करार करतो ते सगळे त्याला आपोआप लागू होतात, लोकांना सगळं स्वस्त मिळतं. भारतानेही ताबडतोब सामील व्हावं. आणि तोपर्यंत आपल्या निर्यातदारांनी माल तुर्कस्तानात उतरवावा, तिथला 'ए.टी.आर.' नावाचा कागद घ्यावा आणि शून्य ड्युटीने युरोपात पाठवावा. खाली एका एजंटाचा नंबर. त्याची फी मालाच्या किमतीच्या तीन टक्के, आगाऊ.

मामाचे अक्कलकोट रोडला यंत्रमाग आहेत. टर्किश टॉवेल काढतो. पंधरा वर्षं मी न्हावा शेवाची कागदपत्रं करते आहे, तेव्हा सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासूनच करते. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, पण हा माणसाला बुडवणारा आहे.

मामा, मुलुंडचा जकात नाका आठवतो ना? ट्रकांची ती रांग, पावती फाडणं, ड्रायव्हरचा वैताग. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. पण म्हणून न्हावा शेवाची कस्टम ड्युटी गेली का? बाहेरच्या देशातून आलेला माल न्हावा शेवाला उतरव, मुंद्र्याला उतरव, नाहीतर चेन्नईला. ड्युटी तीच. एकदा भरली की माल देशभर फिरायला मोकळा. कस्टम्स युनियन म्हणजे नेमकं हेच, फक्त अनेक देशांचं मिळून. आतले नाके उठतात आणि बाहेरची भिंत सगळ्यांची एकच होते. कुठल्याही दारातून आत ये, त्या दाराशी दर तोच.

टॉवेलवर युरोपचा बाहेरच्यांसाठीचा दर १२ टक्के आहे. आपल्याला काही वर्षं त्यात थोडी सूट मिळत होती, पण मूळ दर १२. तुर्कस्तान त्याच युनियनमध्ये असल्यामुळे औद्योगिक मालाला त्यालाही हाच दर लावावा लागतो. ए.टी.आर. हा कागद मिळतो कधी? माल तुर्कस्तानात तयार झालेला असेल तेव्हा, किंवा बाहेरून आलेल्या मालाची ड्युटी तुर्की कस्टम्सकडे भरून झाली असेल तेव्हा. त्या कागदाचा अर्थ 'हा माल युनियनच्या आत मोकळा फिरू शकतो' एवढाच आहे. तो मूळ देशाचा, म्हणजे माल कुठे बनला याचा, दाखला नाही, ड्युटीमाफीचा कागद तर नाहीच. ड्युटी न भरता माल नुसता ट्रान्झिटला ठेवला तर ए.टी.आर. मिळत नाही, आणि मग जर्मनीच्या हॅम्बुर्ग बंदरात पूर्ण ड्युटी आहेच.

हिशेब करून बघ. चाळीस लाखांचा कंटेनर. हॅम्बुर्गला थेट गेला तर बारा टक्क्यांनी चार लाख ऐंशी हजार ड्युटी. तुर्कस्तानच्या मर्सिन बंदरात उतरवलास तर तिथेही चार लाख ऐंशी हजार. शिवाय उतरवण्या-चढवण्याचा खर्च, पुढचं भाडं, गोदाम, पंधरा-वीस दिवसांचा उशीर, आणि एजंटाचे एक लाख वीस हजार. वाचले किती? एक रुपयाही नाही. वर तुर्कस्तानने २०११ पासून बाहेरच्या कापडावर आणि कपड्यांवर युरोपच्या दराखेरीज स्वतःचं जादा शुल्क लावायला सुरुवात केली, कारण त्यांनाही आपले माग जपायचे आहेत. युरोपपेक्षा तुर्कस्तानचं दार आपल्या मालाला जड जाण्याचीच शक्यता जास्त. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

यातून 'शून्य' काढायचा एकच मार्ग उरतो: माल तुर्कस्तानातच बनल्याचं खोटं दाखवणं. म्हणजे लेबल बदलणं, खोटी कागदपत्रं करणं. हे पकडलं गेलं तर युरोपचं कस्टम्स साधारण तीन वर्षं मागे जाऊन वसुली करतं, गुन्हा असेल तर त्याहूनही मागे. आणि वसुली करतं ती तुझ्या जर्मन गिऱ्हाइकाकडून. जे गिऱ्हाईक मिळवायला तुला आठ वर्षं लागली, ते एका नोटिशीत जाईल. एजंटाचा नंबर तोवर बंद झालेला असेल.

मामाने फोनवर विचारलं, "मग डेनिझलीवाल्यांना शून्य कसं?" प्रश्न बरोबर आहे. डेनिझली म्हणजे तुर्कस्तानचं सोलापूर, टॉवेलांचं गाव. त्यांचा माल युनियनच्या आत तयार होतो म्हणून त्यांना शून्य. आणि इथेच मेसेजमधला 'सगळं स्वस्त' हा मुद्दाही तपासता येतो. समज, सोलापूरचा टॉवेल १०० ला पडतो आणि डेनिझलीचा १०८ ला. दोघांना १२ टक्के लागले तर जर्मन दुकानात सोलापूर ११२ आणि डेनिझली जवळजवळ १२१. गिऱ्हाईक आपला घेतो. डेनिझलीची ड्युटी काढली की त्यांचा १०८, आपला ११२. गिऱ्हाईक तिकडे वळतो. त्याचे चार वाचले, पण त्याच्या सरकारला आपल्या टॉवेलवर मिळणारे बारा गेले. म्हणजे त्याच्या देशाला आठचा तोटा, तोही जास्त खर्चाने बनणारा माल घेऊन. जेकब व्हायनर या अर्थतज्ज्ञाने १९५० साली हीच गोष्ट मांडली होती: युनियनमुळे काही व्यापार नव्याने तयार होतो आणि काही नुसता स्वस्त विक्रेत्याकडून महाग विक्रेत्याकडे सरकतो. फायदा की तोटा, हे या दोनपैकी जास्त काय झालं त्यावर ठरतं. 'सगळं स्वस्त' असं आपोआप काही होत नसतं.

किंमती चक्क वाढूही शकतात. किर्गिझस्तान ऑगस्ट २०१५ मध्ये रशिया, कझाकस्तान वगैरेंच्या युरेशियन युनियनमध्ये गेला. त्याआधी त्याचे दर खूप कमी होते. राजधानी बिश्केकजवळच्या दोरदोई बाजारात एकावर एक रचलेल्या कंटेनरांतच दुकानं आहेत. खालच्यात विक्री, वरच्यात साठा. चिनी माल तिथे कमी ड्युटीत यायचा आणि शेजारच्या देशांत जायचा. शेजाऱ्यांनी २०१० मध्ये आपसात युनियन केली तेव्हाच या धंद्याला फटका बसला. मग स्वतः आत गेल्यावर समान भिंतीमुळे किर्गिझस्तानला आपले दर वर न्यावे लागले. हेही खरं की तिथल्या शिवणकामाच्या कारखान्यांना रशियाचा बाजार मोकळा राहिला आणि रशियात कामाला जाणाऱ्या मजुरांचा परवान्याचा त्रास कमी झाला. कुणाचं भलं झालं, कुणाचं दुकान बसलं. मेसेज लिहिणाऱ्याला यातली दुसरी बाजू सांगायचीच नाही.

आता 'युरोपचे सगळे करार आपोआप लागू'. हे तर सरळ उलटं आहे, आणि तुर्कस्तानचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. जागतिक बँकेने २०१४ मध्ये या युनियनचा सविस्तर आढावा घेतला. मी इथे ज्याच्या जोरावर बोलते आहे तो मुख्यतः तोच अहवाल. त्यात हा असमतोल स्पष्ट मांडलेला आहे. युरोप एखाद्या देशाशी करार करतो, तेव्हा त्या देशाचा माल युरोपात बिनड्युटी उतरून पुढे तुर्कस्तानातही येऊ शकतो. पण त्या देशाने तुर्की मालावरची ड्युटी कमी करावी असं बंधन नसतं. तुर्कस्तानला त्या देशाशी वेगळी बोलणी करावी लागतात, आणि समोरचा म्हणतो, तुमचा बाजार मला मिळालाच आहे, आता तुम्हाला काय म्हणून देऊ? मेक्सिकोशी युरोपचा करार २००० पासून लागू आहे. तुर्कस्तानचा अजून नाही. बोलणीच्या टेबलावर तुर्कस्तानला खुर्ची नाही, मत नाही. दर ब्रुसेल्समध्ये, युरोपीय संघाच्या मुख्यालयात ठरतात आणि तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकाऱ्यात लागू होतात.

याचं ताजं उदाहरण तर आपलंच आहे. २७ जानेवारी २०२६ ला भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं. लागू व्हायला पायऱ्या बाकी आहेत. पण तो लागू झाला की आपला माल युरोपमार्गे तुर्कस्तानात जाऊ शकेल आणि तुर्की मालाला भारतात काही सवलत नसेल. म्हणजे ज्या तुर्कस्तानकडे बघून आपण युनियनमध्ये जावं असं मेसेज म्हणतो, तो देश याच बाबतीत आपल्यापेक्षा कमी ताकदीच्या जागी आहे.

रांगेचं थोडक्यात. तुर्कस्तान आणि बल्गेरियाच्या सीमेवर कापिकुले नावाचा नाका आहे. तिथे ट्रकांच्या लांब रांगा लागतात, ड्रायव्हर तासन्‌तास, कधी दिवसभराहून जास्त अडकतात. कारण ड्युटी नसली तरी कागद तपासले जातात, आणि तुर्की ट्रकांना युरोपीय देशांतून जायला परवाने लागतात, त्यांची संख्या ठरलेली असते. ही अडचणही जागतिक बँकेने नोंदवली आहे. सीमेवर न थांबता माल जायला नुसती समान ड्युटी पुरत नाही. मालाचे नियम, वाहतुकीचे नियम, सगळंच एक व्हावं लागतं. तुर्कस्तानच्या युनियनमध्ये शेतमाल मुळात धरलेलाच नाही, सेवाही नाहीत. ती वाढवायची चर्चा युरोपीय सरकारांनी २०१८ मध्ये थांबवली.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तुर्कस्तानला फायदा झालाच नाही असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं. त्याच अहवालाप्रमाणे १९९६ नंतर युरोप-तुर्कस्तान व्यापार चौपटीहून जास्त वाढला. साध्या मुक्त व्यापार कराराने झाला असता त्यापेक्षा युनियनने थोडा अधिकच फायदा दिला, कारण प्रत्येक सुट्या भागाचा मूळ देश सिद्ध करत बसावं लागलं नाही. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराच्या मोटार कारखान्यांना तर हे फार उपयोगी पडलं. त्यांचे भाग दहा ठिकाणांहून येतात. कस्टम्सचा कारभार सुधारला, वस्तूंच्या दर्जाचे नियम युरोपच्या बरोबरीला आले. ते सगळं खरं. पण 'युनियनमुळेच सोनं झालं' म्हणणाऱ्याला २००१ चं तिथलं आर्थिक संकट आणि त्यानंतरच्या बँक-सुधारणा आठवत नाहीत.

शेवटी 'भारतानेही सामील व्हावं'. बोलावलंय कुणी? युरोपीय संघाच्या बाहेर राहून त्याच्याशी कस्टम्स युनियन असलेले देश म्हणजे तुर्कस्तान, अँडोरा, सान मारिनो, अशी मोजकी नावं. आणि समजा बोलावलं, तर युरोप बाहेरच्या मोटारीवर १० टक्के लावतो, आपण शंभरच्या वरही गेलेलो आहोत. तो दर आपल्याला युरोपइतका करावा लागेल, आणि फक्त जर्मन गाडीसाठी नाही, चिनी गाडीसाठीसुद्धा. चिनी टॉवेलला इचलकरंजीच्या बाजारात काय दर लावायचा, हेही ब्रुसेल्स ठरवेल. जपान, ऑस्ट्रेलिया, अमिराती यांच्याशी आपण केलेले वेगळे करार तसेच ठेवता येणार नाहीत. सोलापूरच्या मागवाल्यांनी हा मेसेज आनंदाने पुढे पाठवावा, याचं मला फार वाईट वाटलं. आपल्याला हवी ती ड्युटीतली सूट युनियनशिवाय मिळते. पाकिस्तानचा टॉवेल युरोपच्या सवलत योजनेत २०१४ पासून शून्य ड्युटीने जातो, बांगलादेशचा त्याच्याही आधीपासून. दोघेही कुठल्या युनियनमध्ये नाहीत. आपल्याला त्याची उणीव वर्षानुवर्षं भोगावी लागली, म्हणून तर भारत-युरोप कराराकडे सोलापूर डोळे लावून बसलं आहे. तो लागू होईल तेव्हा लागेल तो भारतीय मूळ देशाचा दाखला, आणि तो मिळण्यासाठी सूत कुठलं, विणलं कुठे, याच्या नोंदी आजपासून नीट ठेवाव्या लागतील. माल तुर्कस्तानात फिरवून आणलास तर तोच दाखला अडचणीत येईल.

मामाने सोमवारी चेक दिला नाही. मी त्याला एकच करायला सांगितलं आहे. एजंटाला म्हण, तू आजवर पाठवलेल्या कुठल्याही एका भारतीय कंटेनरची तुर्की कस्टम्समध्ये ड्युटी भरल्याची पावती दाखव, नावं झाकून दाखव हवं तर. त्या पावतीवर शून्य असेल तर मी माझे शब्द मागे घेईन. आज गुरुवार. मामाने तीनदा विचारलं, पावती आलेली नाही.