‘फोनवर एक भाव, समोर दुसरा’: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

फोनवर एक आकडा सांगितला, कोल्हापूरहून इव्हो टेन (मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन) विकायला घेऊन आल्यावर साडेचार लाख कमी केले, वर आमच्या मेस्त्रीने न विचारता ११ किलोमीटर गाडी फिरवली, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आधी फिरवण्याचं. तुम्ही चहा घेत होतात, तुम्हाला शेजारी बसवूनच न्यायला हवी होती. माफ करा. पण या गाडीचा एसएसटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गार असताना लोण्यासारखा चालतो, तेल तापल्यावर बोलायला लागतो. कात्रजहून परतताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका बसत होता. फोनवरचा आकडा आमच्या पोराने नुसत्या फोटोंवरून दिला, ‘गाडी बघून ठरेल’ एवढंही बोलला नाही. चूक आमचीच.

साडेचार लाखांचं मात्र मी मागे घेणार नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तुमच्यासमोर घेतलं: तीन सिलिंडर १५० पीएसआयच्या आसपास, एक ११५. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, टर्बोचा दाब (बूस्ट) वाढवलेल्या इंजिनात असं दिसलं की पहिला संशय पिस्टन-रिंगांवर, म्हणजे इंजिन उघडणं आलं. पुढचे टायर गुळगुळीत, मागचे नवेकोरे. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत घेराचा तो फरक डिफरन्शिअलला, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांना, सोसावा लागतो. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाइप टाकलेला. आरसीवर रंग पांढरा, दारात उभी निळी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि मूळ रचनेत फेरफार चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. उद्या विमा कंपनीने क्लेम अडवला तर नवा मालक तुमच्याकडे कोल्हापूरला येणार नाही, माझ्या शोरूममध्ये येऊन बसेल.

तुम्ही गाडीवर सहा लाख घातलेत. काम हौसेने केलंय, वायरिंगसुद्धा नीट बांधलेलं होतं. पण गिऱ्हाईक मला विचारतं, ‘स्टॉक आहे का?’, म्हणजे कंपनीतून आली तशीच आहे का. इव्हो २०१६ मध्येच बंद झाली, त्यामुळे न छेडलेल्या गाडीला जास्त भाव येतो. आणि आम्ही गाडीला ‘भंगार’ म्हटलं असंही तुम्ही लिहिलंय, पण हा शब्द आमच्याकडे कुणी वापरलेला नाही. चाकं अस्सल टीई३७ (जपानी रेज कंपनीची हलकी चाकं) आहेत, कॉपी नाहीत, हे तर मीच तुम्हाला दाखवलं होतं.

म्हणूनच सांगतो, चाकं आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) गाडीसोबत देऊ नका, सुटे विका. हौशी लोक त्याचे चांगले पैसे देतात, मी देऊ शकत नाही. मूळ सायलेन्सर, कॅट, एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) माळ्यावर असतील तर बसवून आणा, रंगाची नोंद आरसीवर करून घ्या. मग दीड लाख वाढवून देतो, आजच लिहून देतो. इंजिनाचे मात्र कापणारच. यायच्या आधी मला फोन करा, पोराला नको.