आधी नळाची वेळ सांगा, मग शांत सकाळीचं बोला

ज्याला त्याला हल्ली मला सकाळ शिकवायची आहे. पाचला उठा, उठल्या उठल्या मोबाइल बघू नका, कोमट पाणी प्या, दहा मिनिटं डोळे मिटून बसा, कोवळं ऊन अंगावर घ्या. पुण्याची नणंद असले व्हिडिओ पाठवते, ऑफिसातल्या मुली पाठवतात, परवा डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सल्ल्यात खोट नाही. मलाही तशी सकाळ हवी आहे, मनापासून हवी आहे. संताप याचा येतो, की माझी सकाळ माझ्या हातात नाही. ती नळाच्या पाण्याचा वॉल उघडणाऱ्या वॉलमनच्या हातात आहे आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आमच्या भागात चौथ्या दिवशी पाणी येतं. कधी पाचव्या. कधी पहाटे साडेतीनला, कधी पाचला, कधी नेमकं पोरांचे डबे भरायच्या वेळी. गल्लीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी निरोप पडतो, ‘उद्या पाणी’. वेळ? वेळ कधीच नसते. म्हणजे रात्रभर कान नळाकडे लावून पडायचं. आधी नळातून हवा फुसफुसते, मग तांबूस गढूळ पाणी, ते वाहू द्यायचं, आणि स्वच्छ धार लागते न लागते तोच कोपऱ्यावरून हाक येते, ‘पानी उनं वं माय!’ अख्खी गल्ली उठते. अख्खी म्हणजे बायका. पुरुष कूस बदलतात आणि सकाळी विचारतात, ‘पाणी आलं होतं का?’

उठून तरी काय? चार घरांनी नळालाच टिल्लू मोटर लावलेली असते. त्यांच्या टाक्या भरून वाहतात आणि शेवटच्या घराच्या बादलीत करंगळीएवढी धार पडते. बरं, ही मोटर नुसतं दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढत नाही. पाइप कुठे फुटका असेल, शेजारून गटार जात असेल, तर तिथली घाणही आत ओढते. गल्लीत पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या की सगळे जण हॉटेलच्या शेवभाजीला दोष देतात. मोटरीबद्दल बोललं की भांडण. एका काकूंनी तर मला तोंडावर सांगितलं, ‘तुला जमत नसेल तर तूही लाव ना.’ कायदा पाळणाऱ्या बाईने पहाटे रांगडी भांडणं करायची, नाहीतर कोरड्या हंड्याकडे बघत बसायचं. यातून कुणाचं मन शांत होणार आहे?

आणि हे सगळं खान्देशात! जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. नऊ वाजता उन्हाचे चटके बसायला लागतात, दुपारी रस्ते ओस पडतात, रात्री अकरापर्यंत भिंती तापलेल्या असतात. गच्चीवर अंथरूण टाकलं तरी मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही. जरा गार वारा सुटतो तो पहाटे तीन-चारला. चोवीस तासांत माणसाला बरं वाटावं असे तेवढेच दोन-चार तास. नेमके तेच तुम्ही पाणी सोडणारे आमच्याकडून काढून घेता. मुंबईतल्या माणसाला सकाळ गेली तर संध्याकाळ आहे. आम्हाला उन्हाळ्यात सकाळ गेली की दिवस गेला.

आमच्या आयांना सकाळ कशी साजरी करायची हे कुणी व्हिडिओ पाठवून शिकवलेलं नव्हतं. एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. उजाडायच्या आत चुलीवर मोठं पातेलं चढायचं, चार घरच्या बायका जमायच्या, बिबडे थापायचे, कुरडया घालायच्या, पोरं ताटलीत तेल घालून गरम चीक खात बसायची. ऊन चढायच्या आत गच्ची भरून जायची. कष्ट होतेच, पण मनाला हवेसे. आता कुरडयांचे गहू भिजवतानाही आधी पाण्याचा हिशोब. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आणि चीक काढायच्या दिवशी नळाने दगा दिला तर? पातेलंभर गहू आंबून फेकावे लागतात. म्हणून यंदा आमच्या गल्लीत कित्येक घरांनी कुरडया विकतच आणल्या.

ते व्हिडिओवाले सांगतात, रोज एकाच वेळी उठा. अगदी खरं आहे. शरीराच्या आत घड्याळ असतं, ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं. ते घड्याळ ठरलेल्या वेळेवर आणि सकाळच्या उजेडावर लागतं. आज साडेतीन, तीन दिवसांनी सहा, मग पुन्हा चार, अशा उठण्यावर कुणाचं घड्याळ लागेल? दिवसभर डोकं जड, पोरांवर चिडचिड, ऑफिसात चुका. आणि वर ऐकायचं, तुझ्यात शिस्त नाही!

‘साठवून ठेवा’ म्हणणारेही आहेत. शहरांसाठीचा सरकारी मापदंड माणशी दिवसाला 135 लिटरचा. पाच माणसांच्या घराला चार दिवसांसाठी 2700 लिटर लागतील. आमच्या गच्चीवरची टाकी 500 लिटरची आहे. उरलेलं कुठे भरायचं, पलंगाखाली? तिकडे आरोग्यवाले डेंग्यूसाठी सांगून जातात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा. रिकामी करायला आधी पुढचं पाणी कधी येणार ते कळायला नको?

धरणात पाणी नाही, हे कारण मला सांगू नका. उन्हाळ्यात ऐकून घेतलं असतं. पावसाळ्यात हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडतात, तापी दुथडी भरून गुजरातेतल्या उकाई धरणाकडे निघून जाते, तेव्हाही आमचा नळ चौथ्याच दिवशी येतो आणि तोही न सांगता. हा पाण्याचा दुष्काळ नाही. लोकांच्या झोपेची, बायकांच्या वेळेची कुणाला पर्वा नाही, एवढंच आहे. पाणीपट्टी थकली की मोबाइलवर मेसेज बरोबर येतो, नाव आणि रक्कम चुकत नाही. मग वॉल किती वाजता उघडणार, हे त्याच मोबाइलवर का येऊ शकत नाही?

चोवीस तास पाणी मी मागतच नाहीये. चौथ्या दिवशी द्या, पण वेळ ठरवा आणि ती पाळा. लाइट गेली, पाइप फुटला, उशीर होणार असेल तर रात्री नऊच्या आत कळवा, म्हणजे माणूस झोपेल तरी. मोटरी जप्त करा, नगरसेवकाच्या भावाची असली तरी. आणि एकाच गल्लीच्या नशिबी कायम साडेतीनची वेळ टाकू नका. या महिन्यात आम्ही पहाटे उठू, पुढच्या महिन्यात वरच्या कॉलनीने उठावं. त्या कॉलनीला वर्षानुवर्षं सकाळी आठला पाणी कसं मिळतं, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.