पोराला युरोपात पाठवायचंय? या, बसा, आधी फी भरा

नागपूरकर पालकहो, तुमचं पोरगं मोहननगरच्या मैदानावर डाव्या पायानं बरं खेळतं ना? मग वेळ घालवू नका. गणिताची शिकवणी बंद करा आणि वर्धा रोडवरच्या एखाद्या हॉटेलात ‘फुटबॉल करिअर सेमिनार’ लागलेला असेल, तिथे जाऊन पुढची खुर्ची धरा. एजंट ओळखायला सोपा असतो. नागपुरात मे महिन्यात कोट दोघेच घालतात, एक नवरदेव आणि एक हा. दोघांचाही खर्च समोरच्या पार्टीकडे असतो.

त्याला परवाना विचारू नका. फिफानं २०२३ पासून एजंटांची परीक्षा सुरू केली आहे. पास झालेल्यालाच परवाना मिळतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. पण रील बघून बघून तुमच्या मोबाइलची बॅटरी आधीच संपलेली असते, आणि तसं विचारणं बरंही दिसत नाही. माणसानं आपल्यासाठी समोसे ठेवलेत.

आकडे मात्र मन लावून ऐका. पडद्यावर पहिला येतो नेमार. २०१७ साली पॅरिसच्या क्लबनं त्याच्यासाठी बार्सिलोना क्लबला २२ कोटी २० लाख युरो मोजले. मागच्या रांगेतल्या एका काकांनी लगेच वहीत रुपये काढले आणि बायकोला दाखवले. हा पैसा नेमारच्या नव्हे, बार्सिलोनाच्या खात्यात गेला, करार मुदतीआधी तोडण्याची ती ठरलेली किंमत होती, खेळाडूचा पगार वेगळा असतो, हे सांगून काकांचा आनंद घालवू नका. नंतर मेस्सी येतो. त्याचा गुपचूप बाहेर फुटलेला करार २०२१ मध्ये स्पेनच्या वर्तमानपत्रात छापून आला होता, चार हंगामांत जास्तीत जास्त साडेपंचावन्न कोटी युरो. इंग्लंडमधले पगार आठवड्याचे सांगतात आणि तेही कर कापायच्या आधीचे, वरच्या टप्प्यात तो कर ४५ टक्के आहे. सेमिनारमध्ये कर नसतो. खेळाडूंच्या जागतिक संघटनेनं २०१६ मध्ये ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार खेळाडूंना विचारून एक अहवाल काढला होता. त्यातल्या ४५ टक्क्यांना महिन्याला हजार डॉलरसुद्धा मिळत नव्हते आणि ४१ टक्क्यांचे पगार मागच्या दोन वर्षांत रखडले होते. ही स्लाइड कोटवाल्याच्या लॅपटॉपमध्ये उघडत नाही.

वयाचा विषय काढू नका.

म्हणजे काढलात तर पंचाईत होईल. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात नेता येत नाही, असा फिफाचा नियम आहे. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं तिकडे राहायला गेले तर चालतं. युरोपातल्या युरोपात सोळानंतर चालतं. खेळाडूचं घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तरी चालतं. आपण राहतो झिरो माइलच्या दगडाजवळ. इथून ५० किलोमीटर गेलं तर धड वर्धासुद्धा येत नाही, स्पेन तर जाऊच द्या. हाच नियम मोडला म्हणून २०१४ मध्ये फिफानं खुद्द बार्सिलोनावर दोन ट्रान्सफर विंडोंची, म्हणजे नवे खेळाडू घेण्याच्या दोन ठरलेल्या मुदतींची, बंदी घातली होती. बार्सिलोनाच्या वकिलांना जे जमलं नाही ते हा कोटवाला जमवतो. तुमच्या चौदा वर्षांच्या पोराला थेट युरोपात, तेही हप्त्यांवर.

आता करार. तो वाचू नका.

माझ्या भाच्याचा मी वाचला. ताईनं फोन करून बोलावलं होतं, कारण मी बँकेत आहे आणि ‘तुला इंग्रजी कागद कळतात’. चार पानं होती, वर ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर. मुदत दहा वर्षं. फिफाच्या नियमात सर्वसाधारण कमाल मुदत पाच वर्षांची आहे आणि अठराखालच्यांसाठी तीन, पण हा माणूस उदार. क्लबची सही जिथे हवी तिथे एजंटचीच सही. पगाराच्या रकान्यात ‘कामगिरीनुसार’ एवढंच. खऱ्या करारात काय असतं? मूळ पगार, सही करण्याचे पैसे, सामन्यागणिक आणि गोलागणिक बोनस, घर, विमानाचं तिकीट, मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत त्यांचं नाव आणि फोटो वापरण्याचे वेगळे पैसे. रुपयाअन् रुपया लिहिलेला असतो, आणि तो क्लबनं खेळाडूला द्यायचा असतो. इथे रुपयाअन् रुपया लिहिलेला होता दुसऱ्या पानावर, आणि तो भाऊजींनी द्यायचा होता. नोंदणी, प्रोसेसिंग, व्हिसा, किट. किटसुद्धा! जो क्लब तुमच्या पोराला कोट्यवधी देणार, त्याच्याकडे मोजे नाहीत.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा मिळण्यावर हा करार अवलंबून राहील.’ फिफाचा नियम नेमका उलटा आहे. कराराची वैधता तपासणीवर किंवा वर्क परमिटवर टांगता येत नाही. क्लबला काय तपासायचं ते सहीच्या आधी. आणि मुळात चौदा वर्षांच्या मुलानं केलेला करार आपल्या कायद्यात करारच नसतो. १८७२ चा करार कायदा आहे, आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयानं, असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. सव्वाशे वर्षं होत आली. मी हे सगळं भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणाले, “तुम्ही काहून नाट लावता जी? पोराचं चांगलं होऊन राहिलं तर होऊ द्या ना.” ताई चहा ठेवायला उठली. दुसऱ्या दिवशी तिच्या पाटल्या गोल्ड लोनमध्ये गेल्या, माझ्या शाखेत नाही, शेजारच्या बँकेत, मला कळू नये म्हणून.

सत्कार जरूर करा. करार झाला की चौकात फलक लावा, त्यात पोराचा फोटो पासपोर्ट साइजचा आणि भावी नगरसेवकाचा पुरुषभर.

सत्काराला मैदानावरच्या सरांना बोलावू नका. ते सकाळी पाचला येऊन स्वतःच्या पैशानं चेंडू आणतात, पावसाळ्यात मैदानावर चुना मारतात, वर्षभराची फी म्हणून पोरांकडून जेमतेम काही घेतात. फिफाच्या नियमात, खेळाडू परदेशी क्लबकडे पैसे घेऊन विकला गेला तर त्या रकमेतले पाच टक्के बारा ते तेवीस वयात त्याला घडवणाऱ्या नोंदणीकृत क्लबांना वाटले जातात. म्हणजे या धंद्यात ज्याला कायद्यानं पैसे मिळू शकतात तो कामठीचा किंवा गड्डीगोदामचा छोटा क्लब. त्याची नोंदणी धड आहे का, कागद नीट आहेत का, हे कोणी विचारत नाही. सर सत्काराला मागे उभे होते. त्यांना खुर्ची नव्हती.

आपल्याच देशातल्या खऱ्या करारांचं काय झालं, तेही बघू नका. इंडियन सुपर लीग चालवणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, नवा ठरला नाही, म्हणून जुलैमध्येच हंगाम लटकला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीनं खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. ज्या संघात भारतासाठी सर्वाधिक गोल करणारा सुनील छेत्री खेळत होता, त्या संघाचे! दोन महिने पगार थकला तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन खेळाडूला करार सोडता येतो, फिफाचा हा नियम चांगला आहे. पण तेव्हा लीगच बंद होती, सोडून जायचं कुठे? हे देशातले सगळ्यात वरचे खेळाडू, ज्यांच्याकडे वकील आहेत. आणि आपण दहा वर्षांच्या स्टॅम्प पेपरवर पेढे वाटतो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. कोटवाल्याचा फोन बंद. हॉटेलवाला म्हणतो, हॉल भाड्यानं दिला होता. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, अर्ज ठेवून जा. पोरगं आता मैदानावर जात नाही, कारण पोरं त्याला ‘युरोप’ म्हणून हाक मारतात. आणि परवा कामठी रोडवर सेमिनारचा तसाच फलक दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा, कोट तोच.

आता सल्ले पुरे. फुटबॉलच्या धंद्यात पैसा क्लबकडून खेळाडूकडे येतो. उलट्या दिशेनं मागणारा चोर आहे, मग तो कितीही गोड बोलो. हे कळायला बँकेत नोकरी लागत नाही. तुम्ही दुकानात भेंडी मोडून बघता, स्कूटरसाठी चार शोरूम फिरता, आणि पोराची दहा वर्षं लिहून देताना पान उलटवत नाही? विचारणाऱ्याला ‘निगेटिव्ह’ म्हणता? भावी नगरसेवकसाहेब, फलकावरचं तुमचं तोंड बघून लोकांनी पैसे भरले, आता ‘मला फक्त हार घालायला बोलावलं होतं’ म्हणून हात झटकू नका. आणि भाऊजी, तुम्हीपण. त्या हॉलमधल्या सगळ्या पालकांचे नंबर तुमच्याकडे आहेत, ग्रुप तुम्हीच काढला होता, आणि आता ‘बदनामी होईल’ म्हणून गप्प बसलात. तुम्ही गप्प आहात म्हणूनच तो कामठी रोडवर पुन्हा हॉल घेतो आहे. अर्ज मी लिहून ठेवला आहे, मराठीत, एका पानाचा. रविवारी सगळ्यांना घेऊन या आणि सह्या करा.