उचला, ताईंना उचला!

तुमच्या ऑफिसात, बँकेत, कॉलेजात कधी ना कधी व्हीलचेअरवरचं माणूस येणारच. अशा वेळी गडबडून जाऊ नये. गेल्या मंगळवारी हक्कसोडपत्रासाठी मी एका नोंदणी कार्यालयात गेले होते. तिथे जे शिकले ते तुमच्याही कामी येईल.

आधी शब्द सुधारा. ‘अपंग’ म्हणायचं नाही, ‘दिव्यांग’ म्हणायचं. पाटी रंगवून घेतली की पायऱ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. (माझं गेलं. पहिल्या मजल्यापर्यंतच बावीस होत्या आणि कार्यालय दुसऱ्यावर.)

लिफ्ट जरूर बसवा, चालू ठेवू नका.

आता रॅम्प. रॅम्प हवाच, कारण त्याचा फोटो काढून वर पाठवावा लागतो. नियम सांगतो की एक फूट उंची चढायची तर उतार बारा फूट लांब हवा. म्हणजे अडीच फुटांच्या जोत्याला तीस फूट. एवढी जागा रॅम्पला दिली तर साहेबांची गाडी कुठे लावायची? म्हणून सहा फुटांत उरका. वर चकचकीत फरशी लावा, पावसाळ्यात मजा येते. कठडा नको, शोभा जाते. वरच्या टोकाला एक कुंडी ठेवा आणि खालच्या टोकाला मोटारसायकल. मंगळवारी मोटारसायकल होतीच. शिपायाला म्हटलं, भाऊ, ही काढायला सांगा ना. तो म्हणाला, “ताई, गाडी वर चढवायलाच तर केलाय तो, रात्री आत घेतो आम्ही.” बघा, इतकं खरं त्या इमारतीत दिवसभरात दुसरं कुणी बोललं नाही. गाडी कुणाची, हे विचारायला भाचा तीन टेबलं फिरला. गाडीवाला जेवायला गेला होता. मी उन्हात पाऊण तास. तेवढ्यात दोघांनी मला पाणी विचारलं, एकाने देवाचं नाव घेतलं, एका आजींनी हातावर दहा रुपये ठेवले. गाडी मात्र कुणी हलवली नाही, कारण हँडल लॉक होतं म्हणे!

बोलायचं ते बरोबरच्या माणसाशी बोला. “यांना सही करता येते का?” हे माझ्या अकरावीतल्या भाच्याला विचारलं गेलं. मी कॉलेजात अकाउंट्स शिकवते.

तक्रार आलीच तर दोष तक्रार करणारीवरच ढकला. “ताई, गृहभेटीचा अर्ज करायचा ना, आम्ही घरी आलो असतो.” खरंच आहे, 1908 च्या नोंदणी कायद्यातच कलम 38 मध्ये ती सोय आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती हवीच. पण मी रोज बसने कॉलेजला जाणारी बाई, तुमचा जिना चढता येत नाही म्हणून मी आजारी ठरायचं?

आणि मग ते शेवटचं, हमखास. “उचला, ताईंना उचला!” चार जण धावत येतात. दोघांनी चाकं धरली, जी फिरतात. एकाने पायठेव धरली, जी निघते. चौथ्याने मला काखेत हात घालून धरलं, न विचारता. जिन्यात कुणीतरी फोटो काढला. माणुसकी अजून जिवंत आहे, असं त्याखाली लिहिलं असेल.

नको मला ती माणुसकी. परक्या पुरुषाने अंगाला हात लावलेला मला चालत नाही, आणि चार पुरुषांनी पोत्यासारखं वर नेलेलं तर अजिबातच नाही. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 सालचा. नियम आले जून 2017 मध्ये. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या, म्हणजे जून 2022 पर्यंत. नव्या इमारतीला रॅम्प-लिफ्ट नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाच द्यायचा नाही, असं कलम 44 सांगतं. तो दाखला कुणीतरी सही करून देतं ना? त्या माणसाला हात असतात, डोळे असतात. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावलं की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा, तीन महिन्यांत. अधिनियमात पहिल्या उल्लंघनाला दंड दहा हजारांपर्यंत. तुमच्या त्या फरशीला याहून जास्त लागले असतील. लाज वाटू द्या थोडी! कायदा मागून घेतलाय आम्ही, भीक नाही.

एवढं करून वर पोचले, तर यंत्राने अंगठा घेतला नाही. चाकं ढकलून ढकलून माझ्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. गुरुवारी परत बोलावलंय.

अकरा वाजता येते. ती मोटारसायकल काढून ठेवा.