पार्क्सने लावलेलं दार

सिडनीतल्या आमच्या वेस्टमीडहून पेनरिथ ट्रेनने अर्ध्या तासावर. तिथे जवळच रिजंटव्हिल आहे. 1839 साली हेन्री पार्क्स नावाचा चोवीस वर्षांचा इंग्रज तिथल्या जमीनदाराकडे शेतमजुरी करत होता. मूळचा हस्तिदंत कातणारा कारागीर. बर्मिंगहॅममध्ये धंदा बुडाला, दोन मुलं गेली, तेव्हा सरकारी मदतीच्या तिकिटावर तो बायकोसह सिडनीला आला. मुलगी बोटीवरच जन्मली. उतरल्यावर काम मिळेना, तर असलेल्या चीजवस्तू विकून त्यांनी दिवस काढले.

हाच माणूस पुढे पाच वेळा न्यू साउथ वेल्सचा, म्हणजे सिडनी ज्यात आहे त्या राज्याचा, प्रीमियर (मुख्यमंत्री) झाला. 1880चा शिक्षण कायदा त्याचा. माझी मुलगी जाते त्या सरकारी शाळेचा पाया त्यातच आहे. आणि 1888मध्ये ‘अफगाण’ बोटीवरच्या चिनी प्रवाशांना सिडनीत उतरण्यापासून अडवलं, तेही त्यानेच. कोर्ट त्याच्या विरोधात गेलं, तर त्याने नवा कायदा केला. 1881मध्ये त्याच्याच सरकारने चिन्यांवर माणशी 10 पौंड डोईपट्टी लावली होती, ती आता 100 झाली. बोटीवर बाळंत झालेल्या बाईच्या नवऱ्याने हे करावं, याचा मला आजही त्रास होतो.

31 ऑगस्ट 2025ला इथे ऑस्ट्रेलियातल्या शहरांत स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले. पत्रकांत भारतीयांचं नाव होतं. त्या रविवारी मुलीला घेऊन सिटीत जायचं मी टाळलं. त्याआधी दोनच महिने, मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला मारल्याच्या बातमीवर माझ्या दादरच्या मित्राने लिहिलं होतं, ‘बरं झालं.’

पहिलीपासूनच्या हिंदीला झालेला विरोध मला पटला होता, अजूनही पटतो. मुंबईत राहणाऱ्याला मराठी यायलाच हवी. पण ती थपडेने येत नाही. माझी आई सत्तराव्या वर्षी इथे आली, तेव्हा सरकारने तिला इंग्रजी फुकट शिकवलं. शेजारच्या बाकावर एक चिनी आजी बसायच्या. घरी येऊन आई वहीत तारीख घालून नवे शब्द लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी बेकरीत जाऊन ते वापरायची.

महापालिकेने मुंबईच्या प्रत्येक वॉर्डात असा फुकट मराठी वर्ग काढावा. रात्री नऊनंतर, कारण दुकानदार आणि डिलिव्हरीवाला त्याआधी मोकळा होत नाही.