३९३ वर डाव सोडला म्हणून इंग्लंड हरलं?

जून २०२३ मधल्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ॲशेस मालिकेतल्या एजबॅस्टन कसोटीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कर्णधार स्टोक्सनं पहिल्याच दिवशी ८ बाद ३९३ वर डाव सोडला, तिथंच इंग्लंडनं सामना घालवला." म्हणजे गडी हातात असताना स्वतःच फलंदाजी थांबवली. जो रूट ११८ वर नाबाद होता आणि ऑस्ट्रेलिया शेवटी दोनच गडी राखून जिंकली, हा त्याचा पुरावा. मला हा हिशेब साफ चुकीचा वाटतो.

'आणखी तीस-चाळीस धावा झाल्या असत्या.' झाल्याही असत्या, नाकारत नाही. पण रूटच्या जोडीला रॉबिन्सन होता आणि मागे उरला होता फक्त अँडरसन. शिवाय धावाच मोजायच्या तर सगळ्या मोजा. ऑस्ट्रेलियाचा उस्मान ख्वाजा ११२ वर असताना ब्रॉडनं त्याचा त्रिफळा उडवला, तो नोबॉल निघाला. ख्वाजा १४१ पर्यंत गेला. ग्रीन शून्यावर असताना बेअरस्टोनं यष्टिचीत करायची संधी घालवली. त्यानं ३८ केल्या. केरीचा झेल २६ वर सुटला. तो ६६ वर थांबला. ढोबळ बेरीज केली तरी शंभराच्या वर जाते. आणि इंग्लंडच्या दुसऱ्या डावात? रूट ४६, ब्रूक ४६, स्टोक्स ४३. तिघंही जम बसल्यावर बाद झाले, अख्ख्या संघात एकाचंही अर्धशतक नाही, सगळे मिळून २७३. धावा कमी पडल्या त्या इथं.

'त्या संध्याकाळी विकेट तरी कुठं मिळाली?' नाही मिळाली. चार षटकं झाली, ऑस्ट्रेलिया बिनबाद १४. पण दिवसभर उन्हात क्षेत्ररक्षण केलेल्या वॉर्नरला त्याच पावली ब्रॉडसमोर उभं करणं यात वेडेपणा कुठला? दुसऱ्या सकाळी ब्रॉडनंच वॉर्नर आणि लाबुशेनला लागोपाठच्या चेंडूंवर घालवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत माउंट माँगानुईला याच स्टोक्सनं पहिल्या दिवशी ९ बाद ३२५ वर डाव सोडला होता. प्रकाशझोतात न्यूझीलंड ३ बाद ३७, आणि इंग्लंड २६७ धावांनी विजयी. तेव्हा कुणी बोट दाखवलं नाही.

मग जुने दाखले येतात. १९६८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजचा कर्णधार सोबर्सनं डाव सोडून इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ धावांचं आव्हान दिलं आणि सामना गमावला. मालिकाही ०-१ अशी गेली. हे खरं आहे, तो जुगार फसलाच. पण त्याच मैदानावरचा १९७६ चा वेस्ट इंडीजचा कर्णधार लॉइड या यादीत का घालता? त्यानं भारताला दिलेलं ४०३ चं आव्हान म्हणजे काही खिरापत नव्हती. चौथ्या डावात चारशे पार करून जिंकणारा संघ तोवर एकच होता, १९४८ चा ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया. गावसकर आणि विश्वनाथ यांनी शतकं ठोकली, भारतानं ४ बाद ४०६ केल्या, हा त्या फलंदाजीचा मोठेपणा.

मला खरं तर रावळपिंडीबद्दल बोलायचंय. मार्च २०२२ मध्ये तिथं पाकिस्तान-ऑस्ट्रेलिया कसोटीत पाच दिवसांत १४ गडी पडले. डिसेंबरमध्ये तिथंच, तशाच निर्जीव खेळपट्टीवर, स्टोक्सनं चौथ्या दिवशी चहापानाला ७ बाद २६४ वर डाव सोडला आणि पाकिस्तानसमोर ३४३ ठेवल्या. हरण्याची शक्यता उघड होती. पण आव्हान आवाक्यातलं दिसलं म्हणून पाकिस्तान जिंकायला खेळलं, आणि त्यामुळेच गडी पडत राहिले. पाचव्या दिवशी उजेड सरत आला असताना इंग्लंड ७४ धावांनी जिंकलं. रोहित शर्मानं २०२४ मध्ये कानपूरला दोन दिवस वाया गेल्यावर ३४.४ षटकांत ९ बाद २८५ वर डाव सोडला, तोही निकालाला वेळ उरावा याच हिशेबानं. बांगलादेशाला सात गड्यांनी हरवलं.

एजबॅस्टनला पाचव्या दिवशी पहिलं सत्र पावसानं खाल्लं, तरी ऑस्ट्रेलिया ८ बाद २२७ होती, ५४ हव्या होत्या. मैदानात कमिन्स आणि लायन. लायनचा उंच गेलेला झेल घ्यायला स्क्वेअर लेगला स्टोक्सनं मागे झेपावत हात घातला, चेंडू हाती लागला आणि निसटला.