पोकर पडद्यावर, फेरो टेबलावर

वेस्टर्न चित्रपटांच्या चाहत्यांमध्ये एक दावा वारंवार फिरत असतो. तो थोडक्यात असा: एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेत जुगार म्हणजे पोकर, काउबॉय दिवसा गुरे हाकत आणि रात्री पत्ते कुटत, लबाडी उघडी पडली की टेबलावरच पिस्तूल निघे, आणि नामांकित बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक काळे एक्के व काळ्या अठ्ठ्या हातात धरून मेला, म्हणूनच त्या पानांना ‘मेलेल्या माणसाची पाने’ म्हणतात. चित्रपटांनी हे सारे इतिहासातून जसेच्या तसे उचलले, असेही त्यासोबत ठासून सांगितले जाते. यातल्या प्रत्येक विधानात थोडेफार तथ्य आहे, आणि त्यामुळेच ते खोडून काढणे अवघड जाते.

पहिला मुद्दा पोकरचा. पोकर खेळला जात होता, यात शंका नाही. पण खाण-वसाहतींतल्या आणि गुरांच्या बाजारगावांतल्या सलूनमध्ये ज्या टेबलाभोवती गर्दी होई, ते बहुधा फेरोचे असे. मूळचा फ्रान्समधला हा खेळ न्यू ऑर्लीन्समार्गे अमेरिकेत पसरला. टेबलावरच्या कापडावर एक्क्यापासून राजापर्यंत 13 पाने, बहुतेक वेळा इस्पिकची, रंगवलेली असत, आणि ज्या पानावर पैसे लावायचे त्यावर खेळणारा आपल्या चकत्या ठेवी. वाटणारा पिसलेला कॅट एका लहान पेटीत घालून पत्ते एकेक करून बाहेर काढी. सर्वांत वरचे पान, ज्याला ‘सोडा’ म्हणत, बाद होई. त्यानंतर प्रत्येक फेरीत दोन पाने निघत: पहिल्या पानावर लावलेले पैसे अड्ड्याचे, आणि दुसऱ्या पानावर लावणाऱ्याला त्याच्या पैशांइतकेच वर मिळत. रंगाला येथे काहीच किंमत नव्हती. राणी ती राणी, मग ती बदामची असो की किलवरची. अमुक पान हरेल यावरही पैसे लावता येत, त्यासाठी चकत्यांवर तांब्याचे नाणे ठेवले की पुरे.

अड्ड्याची कमाई दोन जागी होती. एका फेरीतली दोन्ही पाने सारखीच निघाली, तर त्यावरची निम्मी रक्कम अड्डा घेई. आणि शेवटच्या 3 पानांचा क्रम अचूक सांगणाऱ्याला एकास चार भाव मिळे, जो हिशेबाने एकास पाच असायला हवा होता. एरवी अड्ड्याचा फायदा इतका किरकोळ होता की, एखाद्या पानाच्या, समजा राणीच्या, चारांपैकी एकच शिल्लक उरली असेल तर तिच्यावरच्या पैशांत तो शून्यावर येई. म्हणूनच तारांवर मणी ओवलेली एक चौकट टेबलावर ठेवून, कोणती पाने निघून गेली याची मोजदाद सर्वांदेखत केली जाई. आणि म्हणूनच पेटीत गुप्त कळ बसवून घेण्याचा मोह अड्डेवाल्यांना आवरत नसे. वेस्टर्नमध्ये अस्तनीत एक्का लपवणारा एकटादुकटा भामटा दिसतो. खरी लबाडी मात्र पुष्कळदा त्या पेटीतच असे.

आपल्याकडचा अंदर-बाहर ज्यांनी पाहिला आहे त्यांना फेरोची जात लगेच ओळखू येईल: येथे भिडू एकमेकांशी लढत नाहीत, सगळे अड्ड्याशी लढतात. चित्रपटाची अडचण नेमकी हीच आहे, असे मला वाटते. पोकरमध्ये पाने झाकलेली असतात, समोरासमोर दोन चेहरे असतात, थाप मारता येते आणि कॅमेऱ्याला डोळ्यांवर रेंगाळता येते. फेरोत लपवायला काहीच नाही. शिवाय त्याचे नियम प्रेक्षकाला समजावून देईपर्यंत निम्मी रीळ संपेल! 1993च्या ‘टूमस्टोन’ चित्रपटात प्रसिद्ध कायदारक्षक वायट अर्प फेरोचे टेबल ताब्यात घेतो, तो अपवादच म्हणायचा, प्रत्यक्षातही अर्प आणि दंतवैद्य असलेला डॉक हॉलिडे हे दोघे फेरोच्या टेबलावर पत्ते वाटत असत. कायद्याची साक्षही याच बाजूची आहे. कॅलिफोर्नियाच्या 1872च्या दंडसंहितेने फेरो आणि माँटे (अड्ड्याशीच खेळायचा पत्त्यांचा आणखी एक जुगार) यांची नावे घेऊन बंदी घातली. साध्या पोकरचे नाव त्या यादीत नाही.

काउबॉयच्या रोजच्या पत्त्यांविषयी फार लिहायला नको. टेक्सासमधल्या अवाढव्य एक्सआयटी रँचने 1888 साली आपल्या नोकरांसाठी नियम छापले, त्यांत पत्ते खेळण्याला आणि हरतऱ्हेच्या जुगाराला रँचवर सक्त मनाई होती आणि सहाबारी पिस्तूल बाळगण्यालाही.

टेबलावर पिस्तूल निघण्याचे प्रकार घडलेच नाहीत, असे मी म्हणणार नाही. 25 फेब्रुवारी 1881 रोजी अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावी ओरिएंटल सलूनमध्ये ल्यूक शॉर्ट आणि चार्ली स्टॉर्म्स या दोन जुगाऱ्यांत भांडण जुंपले. पण दोघांच्या ओळखीच्या बॅट मास्टरसनने मध्ये पडून दोघांना वेगळे केले. थोड्या वेळाने स्टॉर्म्स परत आला आणि बाहेर रस्त्यावर शॉर्टच्या गोळीने मेला. टेबल उलथले आणि चकत्या उधळल्या, असा देखावा त्यात नाही. त्याच गावात शस्त्र घेऊन फिरण्यावर नगरपालिकेची बंदी होती. गुरांच्या 5 बाजारगावांतल्या 1870 ते 1885 या काळातल्या खुनांची मोजणी रॉबर्ट डायक्स्ट्रा या इतिहासकाराने केली, ती सर्व कारणे धरून 45 भरली. गावे लहान होती हे लक्षात घेतले तरी रोज रात्री गोळीबार होण्याइतका हा आकडा नाही.

राहिला हिकॉक. 2 ऑगस्ट 1876 रोजी डेडवूड या खाण-वसाहतीत तो पोकरच खेळत होता, हे खरे. परंतु जॅक मॅकॉलने त्याला मागून डोक्यात गोळी घातली, त्या क्षणी टेबलावर कसलाही तंटा चाललेला नव्हता. पानांचे म्हणाल तर, 1886 साली वृत्तपत्रात ‘मेलेल्या माणसाची पाने’ या नावाने आढळतात ती तीन गुलाम आणि दोन दश्श्या, आणि पुढे 1907च्या सुमारास खेळांच्या पुस्तकात गुलाम आणि अठ्ठ्या. हिकॉकच्या एक्के-अठ्ठ्या लोकांच्या तोंडी बसल्या त्या फ्रँक विल्स्टॅकने 1926 साली लिहिलेल्या चरित्रामुळे. 1939च्या ‘स्टेजकोच’मध्ये खलनायक ल्यूक प्लमर शेवटच्या चकमकीला निघण्यापूर्वी त्याच्या हाती हीच पाने येतात, तेव्हा ते चरित्र जेमतेम 13 वर्षांचे होते आणि हिकॉकला जाऊन 63 वर्षे झाली होती.